मढे राजाचे, हात कुणाचे?

२०१० साली लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया सायन्स सेंटरमध्ये 'ममीज ऑफ द वर्ल्ड' हे प्रदर्शन भरले आणि पुढे अमेरिकेतल्या शहराशहरांतून फिरले. जगभरातल्या ममी आणि त्यांच्याशी संबंधित वस्तू, सगळे मिळून सुमारे दीडशे नग त्यात होते. पेरूमधले सुमारे साडेसहा हजार वर्षांपूर्वीचे एक तान्हे मूल होते. हंगेरीतल्या वाट्स गावच्या चर्चखाली सापडलेले नवरा, बायको आणि बाळ असे कुटुंब होते. जर्मनीतल्या किल्ल्याच्या तळघरातला सतराव्या शतकातला एक सरदारही होता. तिकीट काढायचे, आत जायचे आणि मेलेली माणसे पाहून यायचे.

अशा प्रदर्शनांविषयी आपल्याकडे जे लिहिले-बोलले जाते त्याचा सूर ठरलेला असतो. केवढे हे प्राचीन ज्ञान, केवढे हे रसायनशास्त्र, केवढे हे राजवैभव! कौतुकाला आमची हरकत नाही. पण फुले-आंबेडकरी विचाराच्या माणसाने तेवढ्यावर थांबू नये. ममीच्या काचेसमोर उभे राहून त्याने तीन प्रश्न विचारायला हवेत. हे शरीर कुणाचे? ते टिकवणारे हात कुणाचे होते आणि समाजाने त्या हातांना काय दिले? आणि आज ते शरीर कुणाच्या परवानगीने आपल्यापुढे मांडले आहे? या तीन प्रश्नांची उत्तरे शोधू लागलो की इजिप्तचा विषय फिरून आपल्या सरकारी दवाखान्याच्या शवागारापर्यंत येतो, हे आम्हाला या लेखात दाखवायचे आहे.

पहिल्या ममी राजांच्या नव्हत्या

ममी म्हटले की डोळ्यांपुढे फॅरो येतो. शाळेच्या पुस्तकाने आणि सिनेमाने आपल्याला तेवढेच दिले. प्रत्यक्षात माणसाने जाणीवपूर्वक केलेल्या सर्वांत जुन्या ज्ञात ममी दक्षिण अमेरिकेतल्या आहेत. आजच्या चिलीचा उत्तर भाग आणि पेरूचा दक्षिण भाग, जिथे अटाकामाचे वाळवंट पॅसिफिक समुद्राला भिडते, तिथे चिंचोरो नावाचे लोक राहत. मासे धरायचे, शिकार करायची, कंदमुळे गोळा करायची, असे त्यांचे जगणे. त्यांच्यात राजा नव्हता, राजवाडा नव्हता, पिरॅमिड नव्हते. या लोकांनी सुमारे सात हजार वर्षांपूर्वी, म्हणजे इजिप्तच्या सुमारे दोन हजार वर्षे आधी, आपल्या मृतांच्या ममी करायला सुरुवात केली. कातडी आणि अवयव काढायचे, हाडांना काठ्यांचा आधार द्यायचा, माती आणि गवत भरून शरीर पुन्हा उभे करायचे, वर रंग द्यायचा आणि चेहऱ्यावर मातीचा मुखवटा बसवायचा.

त्यांनी कुणाच्या ममी केल्या? बायकांच्या, पुरुषांच्या, लहान मुलांच्या, अगदी पोटात असताना गेलेल्या अर्भकांच्यासुद्धा. तिथल्या कामारोनेस खोऱ्यातल्या पाण्यात आर्सेनिकचे प्रमाण फार आहे. त्यामुळे मुले दगावत असावीत आणि त्या दुःखातून ही प्रथा जन्मली असावी, असा संशोधकांचा एक तर्क आहे. २०२१ मध्ये युनेस्कोने या स्थळांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली.

चिंचोरोंचा दाखला आम्हाला फार मोलाचा वाटतो. मृताची कदर करणे हे राजेरजवाड्यांनी माणसाला शिकवलेले नाही. उतरंड येण्याआधीपासून माणूस आपल्या मेलेल्या लेकरासाठी हे करत होता. उतरंड आली तेव्हा तिने ही कदर ताब्यात घेतली आणि तिला भाव लावला.

तो भाव कसा लावला, हे इजिप्तमध्ये स्पष्ट दिसते. इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात तिथे गेलेला ग्रीक लेखक हिरोडोटस सांगतो की मृताचे नातेवाईक आले की कारागीर त्यांना ममीचे तीन दर्जे दाखवत. उंची दर्जात आकड्याने नाकातून मेंदू काढायचा, पोट चिरून आतडी काढायची, पोट ताडीने धुऊन त्यात सुगंधी द्रव्ये भरायची आणि शरीर सत्तर दिवस नेट्रॉन या क्षारात ठेवायचे. मधल्या दर्जात पोट न चिरता आत तेल सोडायचे. हलक्या दर्जात नुसती आतून धुलाई करून शरीर क्षारात ठेवायचे. ज्यांना तेही परवडत नसे, ते वाळूत जात. गंमत अशी की कोरड्या, तापलेल्या वाळूत पुरलेले शरीर आपोआप सुकून टिकते. ब्रिटिश म्युझियममध्ये गेबेलिन या ठिकाणचा सुमारे साडेपाच हजार वर्षांपूर्वीचा एक माणूस आहे. पाय पोटाशी घेऊन तो खड्ड्यात झोपवलेला होता आणि कसलीही प्रक्रिया न करता तो टिकला. वाळूने त्याचा दर्जा विचारला नाही.

चिरणाऱ्यावर दगड

आता दुसरा प्रश्न, हातांचा. इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात डायोडोरस सिक्युलस नावाच्या आणखी एका ग्रीक लेखकाने इजिप्तमधल्या या कामाची वाटणी नोंदवून ठेवली आहे. आमच्या कार्यकर्त्या मित्रांनी ती नीट लक्षात ठेवावी.

मृतदेह जमिनीवर ठेवला की आधी लेखनिक यायचा. तो डाव्या बाजूला, कुठवर चिरायचे तिथे खूण करायचा. मग चिरणारा यायचा. धारदार दगडाने तो खुणेप्रमाणे चीर द्यायचा आणि त्याच क्षणी जीव घेऊन पळत सुटायचा. कारण तिथे जमलेले लोक शिव्याशाप देत, दगड मारत त्याच्यामागे धावायचे. मेलेल्या माणसाला जखम करणारा तो पापी! आणि त्यानंतर त्याच शरीरात हात घालून आतडी काढणारे, मसाले भरणारे जे कारागीर, त्यांना मात्र मान होता. ते पुरोहितांत ऊठबस करायचे आणि देवळात बिनधास्त जायचे.

खूण करणारा लेखनिक सुरक्षित, मसाला भरणारा पवित्र आणि मधला चिरणारा दगडांचा धनी. ज्यांनी त्याला बोलावले, ज्यांना ममी हवी होती, तेच दगड मारणारे.

इथे काही गोष्टी प्रामाणिकपणे सांगितल्या पाहिजेत. हे वर्णन परदेशी माणसाचे आहे. तो पाठलाग एक ठरीव विधी असावा, रोजची खरी मारहाण नसावी, असेही म्हणता येते. आणि इजिप्तमध्ये आपल्यासारखी जातिव्यवस्था होती, असा आमचा दावा नाही. पण तो विधी असला तरी प्रश्न उरतोच. काम हवे पण काम करणारा नको, हे सांगायला एखाद्या समाजाला विधी का लागावा? भारतात या वृत्तीला धर्मशास्त्राचा आधार मिळाला, ती जन्माला बांधली गेली आणि तिचे नाव अस्पृश्यता झाले.

आपल्या गावगाड्यात मयताची वर्दी घेऊन गावोगाव कोण धावत होते? सरणाची लाकडे कोण पुरवत होते? मेलेले ढोर कोण ओढत होते? महाराच्या माथी मारलेली ही कामे बाबासाहेबांनी आपल्या लेखनात तपशिलाने मांडली आहेत. मढ्यावरचे कापड हा त्याचा 'हक्क' ठरवला गेला होता. ज्याला जिवंतपणी अंगभर कापड मिळू द्यायचे नाही, त्याला मेलेल्याच्या अंगावरचे कापड हक्क म्हणून द्यायचे, आणि ते घेतो म्हणून त्याला पुन्हा विटाळाचा मानायचे. १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी मृत जनावरांचे मांस सोडण्याचा आदेश दिला, तो नुसत्या खाण्यापिण्याचा नव्हता. मेलेल्याशी जन्माने जखडलेले नाते तोडण्याची ती सुरुवात होती.

ही जुनी गोष्ट झाली, असे कुणाला वाटत असेल तर त्याने सरकारी रुग्णालयाच्या शवविच्छेदनगृहाबाहेर तासभर उभे राहावे. सामाजिक कामात आम्हाला ती वेळ अनेकदा येते. कागदोपत्री शवविच्छेदन डॉक्टर करतो. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी कवटी फोडणे, छाती उघडणे, अवयव बाहेर काढणे आणि शेवटी शिवणे ही कामे सफाई कामगार म्हणून भरती झालेला माणूस करतो. डॉक्टर शेजारी उभा राहून पाहतो आणि लिहितो. हा माणूस बहुधा कुठल्या समाजातला असतो, हे वाचकांना सांगायला नको. दारू घेतल्याशिवाय हात चालत नाही, असे त्यातले अनेक जण सांगतात. मग त्याच्या दारूवर समाज व्याख्यान देतो. डायोडोरसने पाहिलेला लेखनिक आणि चिरणारा दोन हजार वर्षांनंतरही आपापल्या जागी उभे आहेत.

कोलकात्याचे उदाहरण घ्या. १८३६ साली कलकत्ता मेडिकल कॉलेजमध्ये पंडित मधुसूदन गुप्त यांनी मानवी शवाचे विच्छेदन केले. वैद्य जातीतल्या माणसाने प्रेताला हात लावला, ही त्या काळात मोठी घटना ठरली. त्याबद्दल फोर्ट विल्यममधून तोफांची सलामी दिल्याची कथाही सांगितली जाते. गुप्तांचे धाडस आम्ही मानतो. पण त्याच बंगालमध्ये डोम समाजाने पिढ्यानपिढ्या प्रेते उचलली, जाळली आणि चिरली, त्यांच्यासाठी कधी तोफ उडाली नाही. उलट त्यांच्या जातीचे नाव हेच पदाचे नाव झाले. २०२१ साली कोलकात्याच्या एन.आर.एस. मेडिकल कॉलेजने न्यायवैद्यक विभागातल्या सहा जागांसाठी जाहिरात दिली. तिथे या पदाला 'डोम' म्हणतात. सुमारे आठ हजार अर्ज आले आणि त्यात पदवीधर होते, इंजिनिअरही होते. चर्चा झाली ती बेरोजगारीची. एकविसाव्या शतकात सरकारी पदाला जातीचे नाव कसे, हा प्रश्न फार थोड्यांना पडला. त्याच शहरात इंडियन म्युझियममध्ये इजिप्तची एक ममी काचेत ठेवलेली आहे. हजारो मैलांवरून आलेले मढे दालनाची शोभा होते, आणि शेजारच्या मढ्याला हात लावणारा माणूस शिवी होतो.

काचेत कोण ठेवले जाते?

तिसरा प्रश्न परवानगीचा. युरोपात कित्येक शतके ममीची भुकटी औषध म्हणून विकली गेली. चित्रकारांसाठी तिच्यापासून तपकिरी रंग केला गेला. एकोणिसाव्या शतकात लंडनमध्ये थॉमस पेटिग्रू नावाचा शल्यविशारद प्रेक्षकांसमोर ममीच्या पट्ट्या सोडवून दाखवायचा. १८९० मध्ये इजिप्तमधून सुमारे १ लाख ८० हजार मांजरांच्या ममी जहाजात भरून लिव्हरपूलला नेल्या आणि खत म्हणून विकल्या. साम्राज्याच्या नजरेतून पाहिले की दुसऱ्याचा पूर्वज म्हणजे माल असतो.

ही नजर जुन्या मृतांपुरती थांबली नाही. दक्षिण आफ्रिकेतल्या खोईखोई समाजाची सारा बार्टमन हिला लंडन-पॅरिसमध्ये जिवंतपणी खेळासारखे दाखवले गेले. १८१५ मध्ये ती वारली तेव्हा शास्त्रज्ञांनी तिचे शरीर चिरले. तिचे अवशेष पॅरिसच्या संग्रहालयात विसाव्या शतकाच्या सत्तरीपर्यंत मांडलेले होते. नेल्सन मंडेलांनी मागणी केली, तरी ती मायदेशी परतायला २००२ साल उजाडले. स्पेनमधल्या बान्योलेस गावच्या संग्रहालयात तर एक आफ्रिकी माणूस पेंढा भरून उभा केलेला होता, शिकारीतल्या जनावरासारखा. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला आल्फॉन्स आर्सेलिन या हैतीत जन्मलेल्या कृष्णवर्णीय डॉक्टरने त्याविरुद्ध आवाज उठवला. गावाने त्याचीच टिंगल केली, 'आमचा वारसा' म्हणून तो पुतळा धरून ठेवला. अखेर १९९७ मध्ये तो काढावा लागला आणि २००० साली त्या अनामिकाचे बोत्स्वानात दफन झाले. एका माणसाने लावून धरले म्हणून हे घडले, हे आपल्या तरुणांनी विसरू नये.

आणि हे दूरचे आहे असेही नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये इंग्लंडमधल्या एका लिलावात नागा माणसाची कवटी विक्रीला ठेवली गेली. नागा संघटना आणि नागालँडचे मुख्यमंत्री यांनी आक्षेप घेतल्यावर ती मागे घ्यावी लागली. कवट्या गोळा करणारी आणि आपल्या लोकांची नाके मोजून जाती लावणारी वसाहतवादी नजर एकच होती. रिस्ले यांनी नाकाच्या मापांवरून जातीला वंश ठरवले. बाबासाहेबांनी १९४८ च्या 'द अनटचेबल्स' या ग्रंथात घुर्ये यांनी दिलेली मापेच वापरून ब्राह्मण आणि अस्पृश्य यांचे वंश वेगळे नाहीत हे दाखवले. शत्रूची मोजपट्टी घेऊन शत्रूचाच सिद्धांत कसा मोडावा, याचा हा धडा आहे.

इथे आमच्यावर एक आक्षेप येईल. 'तुम्ही सगळीकडे जात आणि शोषण शोधता. ममींमुळे विज्ञान पुढे जाते, ते दिसत नाही का?' दिसते. वाट्सच्या ममींमधून दोन शतकांपूर्वीच्या क्षयरोगाची माहिती मिळाली. २०१३ मध्ये जगाच्या चार भागांतल्या १३७ ममी तपासल्या, तेव्हा सुमारे एक तृतीयांश जणांच्या रक्तवाहिन्या कठीण झाल्याचे दिसले, म्हणजे हा नुसता आजच्या काळाचा आजार नाही. हे ज्ञान आम्हाला हवे आहे. विज्ञानाला आमचा विरोध कधीच नव्हता. पण शरीर तपासणे वेगळे आणि तिकीट लावून मांडणे वेगळे.

अर्जेंटिनात युयायाको पर्वतावर ६,७३९ मीटर उंचीवर १९९९ मध्ये तीन इंका मुले सापडली. राज्याच्या धर्मविधीसाठी बळी दिलेली, बर्फात जशीच्या तशी टिकलेली. मोठ्या मुलीला शेवटच्या काळात कोका आणि दारू भरपूर दिली गेली होती, हे तिच्या केसांच्या तपासणीतून कळले. ती मुलगी कशी मेली हे कळण्यासाठी तपासणी लागली, हे मान्य. पण साल्ता शहरातल्या संग्रहालयात त्या मुलांना मांडून ठेवण्याला तिथल्या आदिवासी संघटनांनी विरोध केला. आधी राजाने त्यांना देवाला दिले आणि आता संग्रहालयाने प्रेक्षकांना दिले. दोन्ही वेळा त्या लेकरांना कुणी विचारले नाही. आता ब्रिटनमधली काही संग्रहालये 'ममी' हा शब्द टाळून 'ममी केलेली व्यक्ती' असे लिहू लागली आहेत. शब्द बदलल्याने सगळे बदलत नाही. पण काचेतली वस्तू व्यक्ती असल्याची कबुली तरी त्यात आहे.

बौद्ध म्हणून आमची भूमिका

या विषयात बौद्धांनी स्वतःकडेही पाहिले पाहिजे. जपानच्या यामागाता प्रांतात काही भिक्षूंनी हळूहळू अन्न सोडून जिवंतपणीच स्वतःला सुकवत नेले आणि मृत्यूनंतर त्यांच्या ममी पूजेला ठेवल्या गेल्या. आपल्याकडे हिमाचलच्या स्पितीमध्ये ग्यू गावात सांघा तेन्झिन या भिक्षूची सुमारे पाचशे वर्षांपूर्वीची ममी आहे, ती १९७५ च्या भूकंपानंतर उघडी पडली. तिचे केस आणि नखे अजून वाढतात, असे सांगणारे व्हिडिओ आपल्याच ग्रुपवर 'नमो बुद्धाय' लिहून फिरवले जातात. मित्रांनो, हे थांबवा. मेलेल्या माणसाची नखे वाढत नाहीत. कातडी सुकून आक्रसते म्हणून ती लांब दिसतात. त्या भिक्षूंच्या निष्ठेचा अनादर न करता आम्ही स्पष्ट सांगतो की शरीर छळून मुक्ती मिळत नाही, हे तथागतांनी स्वतः अनुभवून सांगितले आणि मध्यम मार्ग दिला. आजारी वक्कली भिक्षूला दर्शनाची ओढ लागली, तेव्हा या नाशवंत देहात पाहण्यासारखे काय आहे, धम्म पाहा, अशा अर्थाचा उपदेश तथागतांनी त्याला केला. जिथे सर्व काही अनित्य आहे तिथे देह टिकवण्याचा अट्टाहास धम्माला धरून नाही.

मग अस्थींवर स्तूप का बांधले? बुद्धांच्या अस्थींचे आठ भाग झाले, ते निरनिराळ्या ठिकाणी गेले. एका राजाच्या ताब्यात, एका पेटीत त्या राहिल्या नाहीत. स्तूप ही एकत्र येण्याची आणि आठवण्याची जागा झाली. म्हणूनच पिपरहवा स्तूपातून १८९८ मध्ये इंग्रज जमीनदाराने काढलेली रत्ने मे २०२५ मध्ये हाँगकाँगला सदबीजच्या लिलावात आली, तेव्हा जगभरातल्या बौद्धांना राग आला. अस्थींसोबत श्रद्धेने ठेवलेल्या त्या रत्नांना बोली लागणार होती. भारत सरकारने आक्षेप घेतला, लिलाव थांबला आणि जुलैमध्ये ती भारतात परत आली. ती आता कुणाला, कुठे, कोणत्या अटींवर पाहता येणार, हा प्रश्न बौद्धांनी लावून धरला पाहिजे.

आणि बाबासाहेब? १९२४ मध्ये लेनिन गेले, त्यांचा देह मॉस्कोत आजही काचेत आहे. आमच्या बापाचा देह ७ डिसेंबर १९५६ रोजी दादरच्या चौपाटीवर अग्नीला दिला गेला. तिथेच, जळत्या चितेच्या साक्षीने, भदंत आनंद कौसल्यायन यांच्याकडून लाखो लोकांनी धम्मदीक्षा घेतली. देह गेला आणि त्याच जागी समाज उभा राहिला. नागपूरजवळ चिचोलीच्या शांतिवनात नानकचंद रत्तूंनी दिलेल्या त्यांच्या वस्तू आहेत, पुण्यात सिंबायोसिसच्या संग्रहालयात आहेत. त्यात त्यांचे कपडे आहेत, टाइपरायटर आहे. ज्या हातांनी लिहिले त्या हातांचे काम त्या वस्तूंत दिसते. जपायचे ते हे.

मग करायचे काय?

पहिले, कुठल्याही संग्रहालयात गेलात तर पाटी वाचा. राजाचे नाव असेल, कारागिराचे नसेल. मानवी अवशेष असतील आणि ते कुठून, कसे आले हे लिहिलेले नसेल. अभिप्रायाच्या वहीत तसे लेखी नोंदवा. वही कुणी वाचत नाही, असे म्हणू नका. बान्योलेसचा लढाही एका पत्रानेच पुढे गेला.

दुसरे, आपल्या तालुक्यातल्या शवागारात आणि स्मशानभूमीत काम करणाऱ्यांची यादी करा. ते कायम आहेत की कंत्राटी, हातमोजे आणि लस मिळते का, पदाचे नाव काय, पगार कुणाच्या सहीने निघतो, प्रत्यक्ष चिरण्याचे काम कोण करते, हे माहितीच्या अधिकारात विचारा. हे काम तांत्रिक आहे. त्याला प्रशिक्षण, पद आणि पगार तसाच हवा, आणि ते कुठल्याही एका जातीच्या वाट्याला येता कामा नये.

तिसरे, गावातल्या स्मशानाचा प्रश्न. ऑगस्ट २०१९ मध्ये तामिळनाडूच्या वेल्लोर जिल्ह्यात एका दलिताचा मृतदेह पुलावरून दोरांनी खाली सोडावा लागला, कारण सवर्णांनी आपल्या जमिनीतून वाट दिली नाही. महाराष्ट्रातही कितीतरी गावांत जातवार वेगळी स्मशाने आहेत. आपल्या गावात काय आहे, तिथे शेड आहे का, रस्ता आहे का, पावसात सरण पेटते का, हे ग्रामसभेत मांडा. एक गाव, एक स्मशानभूमी हा ठराव ग्रामसभेतून मंजूर करून घ्या.

चार हजार वर्षांपूर्वीच्या राजाची ममी पाहायला जरूर जा. पण तिची चीर कुठे आहे ते शोधा आणि ती कुणी दिली असेल याचा विचार करा. मग परत येऊन आपल्या शवागारातल्या त्या माणसाचे नाव विचारा. अनेक वर्षे त्याला कुणी ते विचारलेले नसेल.

जय भीम! नमो बुद्धाय!